वाढलेल्या हापूस कलमांची उंची कमी करताना : रत्नागिरी तालुक्यातील एका बागेचे प्रकरण

रत्नागिरी तालुक्यात खाडीकडे उतरणाऱ्या कातळाच्या जमिनीवर ही बाग आहे. साधारण साठ वर्षांपूर्वी, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, हापूसची कलमे १० बाय १० मीटर अंतरावर म्हणजे हेक्टरी १०० या हिशेबाने लावली गेली. लागवड झाली तेव्हा हे अंतर फार वाटले असेल, पण आम्ही पाहणी केली तेव्हा बहुतेक कलमांची उंची १२ ते १४ मीटर आणि विस्तार १२ मीटरच्या आसपास होता. याचा अर्थ शेजारची कलमे एकमेकांत सुमारे दोन मीटर घुसलेली होती. भर दुपारी बुंध्याशी उभे राहिले तरी उन्हाचा कवडसा पडत नव्हता, खालच्या फांद्या पाने झडून वाळलेल्या होत्या आणि हिरवा पाला मुख्यतः वरच्या दोन-तीन मीटरच्या टोपीत उरला होता.

आंब्याचा मोहोर डहाळीच्या शेंड्यावर येतो, आणि तो येण्यासाठी ती डहाळी जून झालेली व उन्हात वाढलेली असावी लागते. सावलीतल्या डहाळ्या जगतात, पण मोहोरत नाहीत. त्यामुळे या बागेत फळ होते ते सगळे वरच्या टोपीवर, जिथे जमिनीवरून पंपाचा फवारा पोहोचत नव्हता आणि झेल्याची, म्हणजे फळ तोडून जाळीत झेलणाऱ्या साधनाची, काठीही पोहोचत नव्हती. फवारणीसाठी गडी नळी घेऊन झाडावर चढत. चौदा आणे तयार झालेले, म्हणजे पूर्ण पक्व होण्याच्या थोडे आधीचे, फळ देठासकट खुडून खाली आणायचे, तर दर कलमाला दोन माणसे फांद्यांवर आणि एक खाली असे मनुष्यबळ लागे. इतके करूनही पुष्कळ फळ हातून निसटून खाली पडत असे आणि पडलेले फळ पेटीत न जाता कॅनिंगला जाई. तुडतुडे (रस शोषणारे किडे) आणि करपा (बुरशीचा रोग) यांचा बंदोबस्त वरच्या भागात कधीच पुरता होत नव्हता. बांडगुळेही तिथेच माजलेली होती, कारण ती काढायला कोणी इतक्या उंचावर जात नव्हते.

१६ आणि १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा या बागेतील समुद्राकडच्या रांगेतली काही कलमे मुळासकट उलथली. जांभ्याच्या कातळावर माती थोडी असल्याने मुळे खोल न जाता पसरट वाढतात. अशा झाडावर वाऱ्याचा जोर जितक्या उंचावर लागेल तितका बुंध्याशी पडणारा ताण वाढतो, आणि या कलमांचा बहुतेक पाला तर शेंड्यालाच होता. उत्पन्न घटत चालले आहे हे बागायतदारांना आधीपासून माहीत होते, परंतु उंची कमी करण्याचा निर्णय त्यांनी या वादळानंतर घेतला.

ठेकेदाराचा प्रस्ताव

त्यांच्याकडे एका ठेकेदाराचा प्रस्ताव आलेला होता. सर्व कलमे एकाच हंगामात जमिनीपासून तीन मीटरवर सरसकट कापायची, मजुरी घ्यायची नाही आणि त्या बदल्यात लाकूड न्यायचे, असा तो व्यवहार होता. वरकरणी हे फुकटात होणारे काम होते. अशा व्यवहारात काय घडते याचा विचार बागायतदारांनी अवश्य करावा, असे मला कळकळीने वाटते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

ज्याला मोबदला लाकडात मिळतो, त्याचे लक्ष साहजिकच जाड फांदीकडे असते. उंची कमी करण्याच्या कामात मात्र कापायच्या फांद्यांपैकी पुष्कळशा मनगटाएवढ्या किंवा त्याहून थोड्या जाड असतात. त्यांना वेळ लागतो, चढावे लागते, आणि त्यांच्या लाकडाला फारशी किंमत येत नाही. म्हणून लाकडाच्या बोलीवर आलेला माणूस बारीक काम टाळतो आणि मुख्य फांद्या बुडाजवळ घेतो. त्याची नियत वाईट असते असे नाही, व्यवहारच तसा बांधलेला असतो. शेजारच्या गावात याच पद्धतीने कापलेली एक बाग आम्ही बागायतदारांसोबत जाऊन पाहिली. तिथे कापलेल्या तोंडाभोवती केरसुणीसारखे दाट फुटवे आले होते, कोणी विरळणी केलेली नव्हती, नैर्ऋत्येकडच्या बाजूची साल उन्हाने तडकली होती, आणि त्या तडकलेल्या सालीतून अनेक ठिकाणी भिरुडाचा, म्हणजे खोडकिड्याचा, भुसा बाहेर पडत होता. काही कलमे पूर्ण वाळली होती.

सरसकट कापणीने झाडाचे काय होते, ते या एका बागेत क्रमाने दिसत होते. साठ वर्षे पाल्याच्या सावलीत राहिलेली साल एकदम उघडी पडते आणि एप्रिल-मेच्या उन्हात भाजते. भाजलेली साल फुटते. भिरुडाचा लांब मिशांचा भुंगा आपली अंडी अशा फटींत आणि जखमांत घालतो. अळी आत शिरून लाकूड पोखरते, आणि पाला नसल्याने झाडाला अन्न तयार करता येत नाही, म्हणून ते साठवणीवर जगत असते. नेमक्या अशा वेळी ते या अळीला तोंड देते. त्यामुळे आम्ही कामाचा पाया असा ठरवला की कोणत्याही कलमावर कोणत्याही टप्प्यात निदान अर्धा पाला राहिलाच पाहिजे, आणि उरलेल्या मुख्य फांद्यांवर दुपारनंतरच्या उन्हापुरती तरी सावली राहिली पाहिजे.

पर्याय आणि निवड

एक पर्याय एकाआड एक कलम काढून टाकण्याचा होता. राहिलेल्या कलमांना त्यामुळे प्रकाश मिळाला असता, परंतु त्यांची उंची तशीच राहिली असती. शिवाय आंबा हा महाराष्ट्राच्या झाडे तोडण्याबाबतच्या १९६४ च्या कायद्यातील अनुसूचित वृक्ष असल्याने आख्खी कलमे काढण्यासाठी परवानगीची प्रक्रिया आली असती. बागायतदारांची तशी इच्छाही नव्हती.

दुसरा पर्याय लखनौजवळील रहमानखेडा येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने जुन्या आंबाबागांसाठी प्रचारात आणलेल्या पुनरुज्जीवनाचा होता. त्यात डिसेंबर-जानेवारीत मुख्य फांद्या तीन-चार मीटर उंचीवर कापतात आणि नंतर फुटव्यांची विरळणी करून नवा विस्तार घडवतात. ही पद्धत शिस्तीने केली तर चालते, पण तीत दोन ते तीन वर्षे उत्पन्न जवळजवळ बंद राहते. तिथली गंगेच्या खोऱ्यातील खोल गाळाची जमीन आणि आमचा कातळ यांत फार अंतर आहे. तिथे झाडाला मुळांतून जी ताकद मिळते ती इथे मिळेल असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटले.

आम्ही टप्प्यांची छाटणी निवडली. बागेचे तीन गट केले आणि दर वर्षी एक गट हाती घ्यायचे ठरवले. एकेका कलमावरही काम दोन हंगामांत विभागले. पहिल्या वर्षी मधली सरळ उभी वाढलेली फांदी किंवा फांद्या काढून झाडाचे पोट मोकळे करायचे, आणि दुसऱ्या वर्षी बाजूच्या फांद्या आखडायच्या. अंतिम उंची ६ ते ७ मीटर ठरली. जमिनीवर उभ्या माणसाच्या झेल्याची काठी आणि पंपाचा फवारा जिथवर व्यवस्थित पोहोचतो, ते पाहून हा आकडा काढला.

या ठिकाणी एक हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण छाटणी किती हा प्रश्न सगळे लांबीत मोजतात आणि झाड मात्र ती घनफळात भोगते. विस्तार साधारण गोल धरला आणि १२ मीटर व्यासाचा १० मीटर केला, तर चहूबाजूंनी एकेकच मीटर कमी होते, पण घनफळ सुमारे ४२ टक्क्यांनी घटते. व्यास निम्मा केला तर मूळ घनफळाच्या केवळ साडेबारा टक्के शिल्लक राहते. अर्धी उंची एकदम कमी करा असे कोणी सहज म्हणते तेव्हा प्रत्यक्षात झाडाचा जवळजवळ सगळा पाला मागितलेला असतो.

छाटणीपूर्वीची तयारी आणि वेळ

या बागेला अनेक वर्षे दर पावसाळ्यात कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, दिले जात होते. विस्ताराच्या प्रत्येक मीटरला पाऊण ग्रॅम क्रियाशील घटक ही शिफारशीची मात्रा असते. हे रसायन झाडातील जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक तयार होऊ देत नाही, त्यामुळे पालवी रोखली जाते आणि मोहोर लवकर येतो. ज्या झाडाकडून छाटणीनंतर जोमदार फुटवे हवे आहेत, त्याच्या मुळांशी हेच रसायन शिल्लक असणे म्हणजे एका हाताने मागून दुसऱ्या हाताने अडवण्यासारखे आहे. म्हणून पहिल्या गटाला छाटणीआधीच्या दोन पावसाळ्यांत कल्टार दिले नाही, आणि छाटणीनंतर विस्तार पुन्हा भरेपर्यंत ते बंद ठेवले. हा निर्णय बागायतदारांना सर्वांत जड गेला, कारण त्यामुळे छाटणीपूर्वीच्या वर्षांतले उत्पन्नही कमी झाले. तो त्यांनी मान्य केला याचे श्रेय त्यांचेच आहे.

छाटणीचा काळ पाऊस पूर्ण सरल्यानंतरचा, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा धरला. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मे अखेरीस जाड फांदी कापली तर ते उघडे तोंड चार महिने भिजत राहते आणि बुरशीला आयते मिळते. बोटाएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या फांद्यांची हलकी छाटणी मात्र फळ उतरल्यावर लगेच करणे चांगले, कारण तिच्यानंतरची पालवी पावसात वाढून ऑक्टोबरपर्यंत जून होते आणि त्याच हंगामात मोहोरू शकते. एकाच बागेत दोन प्रकारच्या छाटण्यांना दोन वेगळे काळ आहेत, हे मजुरांनाही नीट समजावून सांगावे लागले.

लाकडाच्या बोलीऐवजी रोजंदारीवर चार माणसांची टोळी घेतली. लाकूड बागायतदारांचे राहिले आणि ते वेगळे विकले गेले. सुरुवात करण्यापूर्वी प्रत्येक कलमाभोवती फिरून कापायच्या जागा चुन्याने खुणावल्या, आणि खूण नसलेली फांदी विचारल्याशिवाय कापायची नाही असा करार ठेवला. चेनसॉ झाडावर चढून चालवणाऱ्याला दोर, पट्टा आणि शिरस्त्राण यांवाचून वर जाऊ दिले नाही. जाड फांद्या दोराने बांधून तुकड्यांत उतरवल्या, कारण वरून सोडलेली फांदी खालच्या राखायच्या फांद्या मोडत येते.

प्रत्यक्ष काप

उंची कमी करताना मुख्य फांदी मध्येच कुठेही कापायची नाही, तर योग्य दिशेला गेलेल्या बाजूच्या फांदीपर्यंत ती मागे आणायची, हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे तंत्र आहे. ती बाजूची फांदी कापल्या जाणाऱ्या फांदीच्या निदान एक-तृतीयांश जाडीची असावी लागते. तेवढी असली तर ती पुढे शेंड्याची जागा घेते, अन्नरस तिच्याकडे ओढला जातो, आणि कापाच्या तोंडाशी फुटव्यांची गर्दी होत नाही. त्याहून बारीक फांदीवर काप घेतला तर झाडाच्या दृष्टीने तो खुंट ठेवल्यासारखाच असतो. तो वाळतो आणि वाळण्याची रेघ खाली उतरत जाते.

काप कुठे घ्यायचा तेही जवळून पाहण्यासारखे आहे. फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी साल किंचित फुगून तिचे कडे बनलेले असते, आणि वरच्या कोनात सालीची एक काळपट, खरखरीत रेघ दिसते. काप त्या रेघेच्या बाहेरून सुरू होऊन कड्याच्या बाहेरच संपला पाहिजे. अमेरिकेच्या वनसेवेतील अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवून दिले की झाड आपली जखम भरून काढत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारते आणि नव्या लाकडाने ती जागा झाकून टाकते. या भिंती जिथून उभ्या राहतात ते कडेच खोडासरशी कापून टाकले तर कुज सरळ खोडात शिरते. आमच्याकडे सपाट, खोडासरशी घेतलेल्या कापाला सफाईदार काम समजतात. ती समजूत टोळीतील जाणत्या माणसालाही सोडायला वेळ लागला, पण जुन्या सपाट कापांच्या जागी पडलेल्या ढोल्या त्याच बागेत दाखवल्यावर तो इतरांनाच बजावू लागला.

जाड फांदीला तीन काप घेतले. पहिला खोडापासून हातभर अंतरावर खालच्या बाजूने, जाडीच्या एक-तृतीयांशापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर वरून, म्हणजे फांदी तुटताना साल सोलून खोडावर येत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने कड्याच्या बाहेर काढायचा.

कापांवर १० टक्क्यांचे बोर्डो मलम लावले. शिगो यांच्या कामातून असेही दिसते की जखमेवरचा लेप कुज थांबवत नाही, आणि परदेशात वृक्षतज्ज्ञांनी तो बहुतांशी सोडून दिलेला आहे. तरीही आमच्या दमट हवेत पहिल्या काही आठवड्यांपुरता तांब्याचा बुरशीरोधक थर असणे उपयोगाचे आहे, असे माझे मत आहे, मात्र त्याने वाईट काप चांगला होत नाही. एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवून, एकूण दहा लिटर पाण्यात हे मलम बनवले. तयार मलमात विळ्याचे स्वच्छ पाते थोडा वेळ बुडवून पाहायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे असे समजून आणखी चुना घालायचा. उघड्या पडलेल्या मुख्य फांद्यांना, विशेषतः दक्षिण आणि पश्चिम बाजूंना, चुन्याची सफेदी दिली.

छाटणीनंतरची दोन वर्षे

पहिल्या गटातील बहुतेक कलमांवर जानेवारीपर्यंत फुटवे आले. ज्या भागात पूर्वी कल्टार सढळ हाताने दिले गेले होते, तिथे ते उशिरा आणि आखूड पेरांचे आले. दोन पावसाळे थांबूनही त्याचा अंश जमिनीत उरला होता, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

फुटव्यांची विरळणी हे नाजूक काम आहे आणि ते चुकले तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. फुटवे वीतभर झाल्यावर पहिली विरळणी केली. बाहेरच्या दिशेला जाणारे, एकमेकांपासून अंतरावर असलेले आणि मजबूत बुडाचे चार-पाच फुटवे प्रत्येक फांदीवर ठेवले. आत वळलेले आणि सरळ वर धावणारे पाणसोट हाताने मोडून काढले, कारण कोवळेपणी मोडलेला पाणसोट त्याच जागी सहसा पुन्हा येत नाही, आणि कात्रीने कापलेला मात्र बुडातून पुन्हा फुटतो. कलमजोडाच्या खालून आलेला रायवळ खुंटाचा फुटवा दिसताच काढून टाकला. दुसरी विरळणी पावसाळ्याच्या तोंडाशी केली, नाहीतर दाट पाल्यात करपा आणि तुडतुडे दोन्ही माजतात. नत्रखताचा हातही याच कारणाने आखडता ठेवला. शेणखत आणि पालापाचोळ्याचे आच्छादन पुरेसे होते.

जून ते सप्टेंबर भिरुडावर नजर ठेवली. दर आठवड्याला एक माणूस प्रत्येक कलमाच्या बुंध्याशी आणि फांद्यांच्या बेचक्यात ओला भुसा आहे का ते पाहत असे. भुसा दिसला की साल थोडी तासून भोक मोकळे करायचे, तार आत घालून अळी ओढून काढायची किंवा चिरडायची, आणि मग कीटकनाशकात भिजवलेला कापसाचा बोळा घालून भोक चिखलाने लिंपायचे. एका कलमाची एक मुख्य फांदी उशिरा लक्षात आल्याने गमवावी लागली. ज्या कलमांवर खालचा पाला चांगला राखता आला होता, तिथे हा उपद्रव जवळजवळ दिसलाच नाही.

उत्पन्नाबाबत स्पष्ट लिहिले पाहिजे. पहिली दोन वर्षे पहिल्या गटाचे फळ आधीपेक्षा कमीच होते. तिसऱ्या हंगामात बाजूंच्या फांद्यांवर आणि विस्ताराच्या आतल्या बाजूलाही मोहोर आला, जो या बागेत कित्येक वर्षे आलेला नव्हता. फळांची संख्या अजून जुन्या चांगल्या वर्षाइतकी नाही. परंतु ती सगळी जमिनीवरून झेल्याने उतरली, फवारणीचे द्रावण दर कलमामागे कमी लागले, पडून फुटलेल्या फळाचे प्रमाण घटले आणि पेटीत भरण्याजोगा माल वाढला. खर्च वजा जाता हाती राहणारी रक्कम पाहून बागायतदारांनी दुसरा गटही छाटून घेतला.

या पद्धतीचा खर्च पहिल्या छाटणीबरोबर संपत नाही. उंची ७ मीटरवर ठेवायची तर दरवर्षी फळ उतरल्यावर शेंड्यांची हलकी छाटणी आणि आतल्या पाणसोटांची सफाई करावी लागते. ती सलग काही वर्षे सोडली, तर नव्या फांद्या जुन्या उंचीकडे पुन्हा धावतील. बागायतदारांनी यासाठी त्याच टोळीशी वार्षिक बोली केली आहे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनासाठी अर्थसाहाय्याची तरतूद आहे, त्यामुळे तिसऱ्या गटासाठी त्यांनी तालुका कृषी कार्यालयात अर्जही दिला आहे. त्या गटातील काही कलमांची खोडे आतून पोकळ आहेत. त्यांची मधली फांदी काढली तर पोकळीत पावसाचे पाणी उतरेल, म्हणून ती कलमे मधून न उघडता केवळ बाजूंनी आणि शेंड्याकडून, तीन वर्षांत थोडी थोडी आखडायची असे ठरले आहे.